खुर्ची हळू उठते

"आमची वहिनी बसायचा पगार घेते," अशी माझी ओळख माझ्या नणंदेने भर लग्नात तिच्या व्याह्यांना करून दिली होती. मी रागावले नाही, कारण ते अक्षरशः खरं होतं. हडपसरच्या एका कारखान्यात मी आधी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. पुढे त्याच कारखान्यात मला सीटवर नुसतं बसण्याची नोकरी मिळाली. यामागे माझी हुशारी वगैरे काही नव्हती, होती ती उंची. मी चार फूट अकरा इंच. सीट घडवणारे लोक बहुधा उंचेपुरे असतात आणि आपल्याला बरं वाटलं की जगाला बरं वाटतं असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. तो समज मोडायला त्यांना एक बुटकी बाई हवी होती. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये माझे पाय कधी जमिनीला टेकले नाहीत, आणि या गुणावर आपलं अख्खं आयुष्य निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बसणं हे काम कसं असतं ते सांगते. सीटवर एक पातळ चादर अंथरतात. तिच्यात दाब ओळखणारे बारीक बारीक ठिपके विणलेले असतात. आपण बसलो की समोरच्या पडद्यावर आपल्याच बैठकीचं रंगीत चित्र उमटतं, जिथे भार जास्त तिथे लाल. पहिल्यांदा ते चित्र चारचौघांत दिसलं तेव्हा मी लाजून उठून उभी राहिले होते. पण भार कुठे पडतो एवढंच त्या चित्राला कळतं. तो भार कसा लागतो, ते बसणाऱ्याने तोंडाने सांगायचं. मग मी सांगायचे, इथे टोचतंय, इथे रुततंय, मांडीखाली काचतंय, कमरेत रग लागलीय, आता मुंग्या आल्यात. सुरुवातीला इंजिनिअर मुलं गोंधळली. पण मुलं मोठी चिकाटीची. त्यांनी माझा एकेक शब्द लिहून घेतला, प्रत्येकाला पडद्यावरचं त्याचं चित्र जोडलं, आणि महिनाभरात एक पंजाबी मुलगा मला विचारायला लागला, "मानेबाई, ये रुततंय है के खुपतंय है?"

पुढे कंपनीने घरासाठी खुर्च्या आणि पलंग काढले. अंगाप्रमाणे आपोआप बदलणारे. आत हवेचे छोटे कप्पे असतात. एकाच जागी फार वेळ भार राहिला की तिथली हवा थोडी कमी होते आणि शेजारच्या कप्प्यात वाढते. पलंगावर पडून असलेल्या माणसाला त्यामुळे जखमा होत नाहीत. खुर्ची त्याहून शहाणी. तुम्ही बसल्या बसल्या पुढे सरकलात की तिला कळतं, यांना उठायचंय. मग ती मागून हळूहळू उचलते आणि तुम्हाला जवळजवळ उभं करून सोडते. मागे रेललात की परत खाली येते. पण हे सगळं शिकायला तिला काही दिवस लागतात आणि शिकवायला एक माणूस लागतो. ते काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. घरोघरी जायचं, माणसाला बसवायचं, झोपवायचं, कुठे काय होतंय विचारायचं आणि यंत्र त्याच्या अंगाला लावून द्यायचं. लोक मला सेटिंगवाल्या बाई म्हणायचे.

माणसं मात्र यंत्रापेक्षा अवघड. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मुलाच्या आग्रहाखातर पलंग घेतला आणि तक्रार केली की पलंग ढिम्म हलत नाही. जाऊन बघते तर गादीवरचा प्लॅस्टिकचा कागद जसाच्या तसा. वर चादर, त्यावर सर.

"अहो सर, हा कागद काढायला हवा."

"का? खराब होईल गादी."

"तुम्ही झोपलाय हे पलंगाला कळत नाहीये."

"मला कळतंय. पुरेसं आहे."

अर्धा तास चर्चा झाली. शेवटी कमरेपासून वर कागद कापायला परवानगी मिळाली. पायांकडचा कागद अजून असेल, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या एका घरी आजींना गोधडीशिवाय झोप येईना आणि गोधडीमुळे पलंगाला आजी सापडेनात. आजींच्या जुन्या पातळांची ती गोधडी सोडा म्हणण्याचा धीर मला झाला नाही. मी गोधडीच गृहीत धरून सेटिंग केलं, दोन खेपा जास्त झाल्या इतकंच. हिंजवडीत घरून काम करणाऱ्या एका मुलाची खुर्ची त्याला दर थोड्या वेळाने थरथरून 'उठ, जरा चाल' असं सुचवायची. तो म्हणाला, "काकू, हे बंद करा, आईसारखं वाटतं." त्याची आई साताऱ्याला असते. आठवड्याने त्याचाच फोन आला की राहू द्या, चालू करा परत.

या कामात एक हळहळ कायमची असते. खुर्ची नीट चालली की घर आपल्याला विसरतं. बिघडली तरच बोलावणं येतं. त्यामुळे ज्या लोकांचं मी भलं केलं, त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही आणि ज्यांना मी नीट आठवते ते सगळे तक्रारवाले. मेश्रामसाहेब त्यांच्यातलेच. पण त्यांची आठवण आली की आजही माझे हात आपोआप नमस्कारासाठी जुळतात, तेवढं मोठं ते माणूस.

मेश्रामसाहेब भंडाऱ्याकडचे. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. पत्नी गेल्यावर हडपसरला मुलीकडे, प्रज्ञाकडे राहायला आले. कंपवाताने त्यांचे हात थरथरायचे आणि बसल्यावर उठणं फार जड जायचं. प्रज्ञा आयटीत. तिने ही उठवणारी खुर्ची घेतली. मी पहिल्यांदा सेटिंगला गेले तेव्हा साहेब त्या खुर्चीत बसले होते. मी आत पाऊल टाकलं तसे ते उठायला लागले. खुर्ची आपल्या गतीने वर येत राहिली. मी बॅग ठेवली, पाणी प्यायले, प्रज्ञाशी दोन वाक्यं बोलले, तेव्हा कुठे साहेब उभे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, या. बसा आपण."

मी म्हटलं, "साहेब, माझ्यासाठी कशाला उठलात?"

"आपण माझ्या घरी आलात," ते म्हणाले. त्यांच्या लेखी उत्तर संपलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली. खुर्ची हळू उठते. मी जाऊन तपासली. मोटर उत्तम, कप्पे उत्तम. तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. प्रज्ञाने मला बाजूला घेतलं. "काकू, बाबा ऐकतच नाहीत. धुणंभांडीवाली मावशी आली, ते उठतात. कुरिअरवाला आला, उठतात. समोरची चिमणी पोरगी बॉल मागायला येते, तिच्यासाठीपण. आणि उभे होईपर्यंत समोरचा माणूस निघूनसुद्धा गेलेला असतो. मग दिवसभर मूड ऑफ. स्पीड वाढवता येतो का, प्लीज?"

वेग वाढवणं दोन मिनिटांचं काम होतं, पण डॉक्टरांनीच तो बांधून दिला होता. या आजारात माणूस झटकन उठला की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. मी साहेबांना ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मानेबाई, आपल्याला वेळ आहे का थोडा?"

वेळ नव्हता, पण मी बसले.

"माझे वडील एकदा एका दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. मी बरोबर होतो, लहान होतो. खुर्चीतला माणूस मान खाली घालून लिहीत राहिला. वडील उभे. दुपार झाली तरी उभेच. दाखला त्या दिवशी मिळाला नाहीच, पण त्या माणसाने वर बघितलंसुद्धा नाही. मला पुढे खुर्ची मिळाली तेव्हा मी ठरवलं, आपल्यासमोर येईल त्या माणसासाठी आपण उठायचं. मग तो कुणी का असेना. कचेरीत हसायचे मला. म्हणायचे, साहेबांच्या खुर्चीत ढेकूण आहेत."

ते स्वतःही हसले. मग म्हणाले, "इतरांचं जाऊ द्या. त्यांच्यासाठी उशीर झाला तर चालेल. पण आक्का येते आहे."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा आक्काने शाळा सोडली आणि दुसऱ्यांच्या शेतांत धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जाऊन धाकट्या भावाला शिकवलं. पुण्याला ती कधी आली नव्हती. आता वय झालं होतं, कंबर वाकली होती, आणि एकदा भावाला भेटून येते म्हणून तिनेच हट्ट धरला होता. पुन्हा एवढा प्रवास तिला जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. "ती या दारातून आत येईल," साहेब थरथरतं बोट दाराकडे करून म्हणाले, "तेव्हा मी बसलेला असता कामा नये. एवढं एक करून द्या. नंतर ही खुर्ची उठली नाही तरी तक्रार करणार नाही."

आमच्या कामात लोकांनी माझ्याकडे बऱ्याच गोष्टी मागितल्या आहेत. झोप मागितली, पाठदुखी घालवून मागितली, एका गृहस्थांनी घोरणाऱ्या बायकोला आपोआप कुशीवर वळवणारं सेटिंग मागितलं. उभं राहण्याचा मान मागणारे हेच पहिले. मला त्यांना नाही म्हणवेना.

बेल वाजल्यावर लगेच उठायला सुरुवात करायची, हा सोपा उपाय होता. आम्ही करून पाहिला. साहेब वेळेआधी उभे झाले, पाय लटपटायला लागले, ते मागे टेकले आणि खुर्चीला वाटलं झालं यांचं, ती त्यांना घेऊन शांतपणे खाली आली. मग मला सुचलं की वेग तोच ठेवून वाट कमी करावी. खुर्ची रिमोटने अर्ध्यावर उचलून थांबवता येते, मग पुढे सरकेपर्यंत टेकलं तरी ती खाली येत नाही. तिथे टेकून राहायचं, भार खुर्चीवरच, पण उठायचं अंतर थोडंसंच उरतं. माणूस दारात दिसला की पुढे सरकायचं. तेवढ्याने चक्कर येत नाही ना, ते डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी होकार दिला.

मग तालीम सुरू झाली. मी आक्का व्हायचं, दाराबाहेर जायचं, आत यायचं आणि साहेबांनी उठायचं. तालमीत चुका सगळ्या माझ्या निघायच्या.

"मानेबाई, आक्का इतकी भरभर चालत नाही."

मी पुन्हा बाहेर.

"आक्का आधी उंबऱ्यात थांबेल. घर बघेल. मग आत येईल."

मी उंबऱ्यात थांबून घर बघितलं. शेजारच्या बाई त्यांच्या दारातून माझ्याकडे बघत होत्या. पुण्यात कुणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं. मी आत आले आणि बरोबर त्याच वेळी साहेब ताठ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ये, आक्का." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी हळूच म्हटलं, "साहेब, मी मानेबाई."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण सराव पूर्ण व्हायला हवा."

आक्का यायच्या दिवशी मला बोलावणं होतं. कंपनीच्या कामासाठी जायची काही गरज नव्हती, तरी मी गेले, कारण खरं सांगायचं तर मलाच राहवलं नसतं. साहेबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. प्रज्ञा स्टेशनवर गेली होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे ताजी फुलं होती. गाडी सोसायटीच्या फाटकातून आत आल्याचा प्रज्ञाचा फोन आला आणि मी खुर्ची अर्ध्यावर नेली. साहेब टेकून दाराकडे बघत राहिले. मी रिमोट घेऊन भिंतीशी उभी होते. आता रिमोटचं काही काम नव्हतं, पण हातात काहीतरी असलेलं बरं वाटतं.

दार उघडलं. आक्का पांढऱ्या लुगड्यात होत्या, कमरेत वाकलेल्या, केस पिकलेले. साहेबांनी सांगितलं होतं तशाच त्या उंबऱ्यात थांबल्या. चपला काढल्या. घर बघितलं. मग त्यांची नजर भावाकडे गेली.

साहेब पुढे सरकले. खुर्ची उचलायला लागली. सगळं तालमीतल्यासारखं चाललं होतं. साहेबांचे हात जुळले, पाठ सरळ झाली, एवढंसं अंतर उरलं होतं. तेवढ्यात आक्का, ज्यांना भरभर चालता येत नाही असं मला बजावून सांगितलं होतं, त्या भरभर चालत आल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे साहेबांच्या खांद्यांवर ठेवून त्यांना खाली दाबलं.

"बस."

"आक्का, उठू दे न मले." मेश्रामसाहेबांना मी तोवर 'आपण' आणि 'कृपया' यांच्याशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

"काहून उठतं? बस चुपचाप."

"तू उभी अन् मी बसू?"

"हाव. तू बस." आक्कांनी हात काढले नाहीत. साहेबांचा भार मागे गेला, खुर्ची थांबली आणि हळूहळू खाली यायला लागली. माझा अंगठा रिमोटवर होता. एक बटण दाबलं असतं तर ती पुन्हा वर गेली असती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही. पण आक्का बोलायला लागल्या आणि मी अंगठा उचलला.

"जवा पाहावं तवा तू उभाच. तुह्या कचेरीत आली होती मी, तवा फाटकापर्यंत धावत आला मले घ्याले. घरी आली, तरी उभा. तुह्या लग्नात उभा. साऱ्या गावाले सांगत फिरली मी, माहा भाऊ साहेबाच्या खुर्चीत बसते म्हून. लोकं इचारे, कसा दिसते वं बसल्यावर? काय सांगू त्याईले? म्या तुले खुर्चीत बसलेला कधी पाह्यलाच नाही. मी आली का तू उठला."

आक्कांनी एक हात काढून स्वतःच्या कमरेवर ठेवला.

"चिखलात वाकून वाकून कंबर गेली माही, ते काहाले? तू बसावं म्हूनच न? मंग पाहू दे न मले एकदा, डोळे हायेत तवर."

प्रज्ञाने दुसरी खुर्ची ओढून आणली. आक्का बसल्या नाहीत. "थांब वं पोरी," म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या, नीट दिसावं म्हणून. खुर्ची पूर्ण खाली आली होती. मेश्रामसाहेबांनी सदरा सारखा केला. थरथरणारे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, घट्ट धरले, पाठ टेकवली, मान ताठ केली आणि कचेरीत बसत असतील तसे बसले. कमरेत वाकलेली ती म्हातारी बाई त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना बघत राहिली. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते उठले नाहीत.